तिसऱ्या बांगडीचा निरोप

सन २०२३. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अजून अहमदनगरच होतं, आणि राहात्याच्या ‘पाटवारा’ साप्ताहिकाला शेवटची घरघर लागली होती.

ज्ञानेश्वर चोळके, म्हणजे साऱ्या गावाचे नाना, यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे साप्ताहिक काढलं, तेव्हा राहाता तालुक्याचं गावसुद्धा झालं नव्हतं. आता नाना नव्हते. त्यांचा मुलगा करण हाच संपादक, हाच मालक आणि जाहिराती मागत फिरणाराही हाच. छापील अंक चारशेवर आला होता. मोबाईलवरच्या पानाला मात्र एकोणीस हजार माणसं जोडलेली होती, आणि नाशिकच्या एका ठिबकवाल्या कंपनीनं करणला शब्द दिला होता की डिसेंबरअखेर पन्नास हजार करून दाखवा, वर्षभराची जाहिरात तुमची. नाही झालं तर मार्चमध्ये कचेरीला कुलूप लावायचं, हे करणनं ठरवून टाकलं होतं आणि कुणापासून लपवलंही नव्हतं.

म्हणून जुलैत सृष्टी आली. सव्वीस वर्षांची, मूळची श्रीरामपूरची. पुण्यात मसाल्यांची आणि साबणांची पानं सांभाळून कंटाळलेली. सहा महिन्यांच्या करारावर तिनं ‘पाटवारा’चं पान अंगावर घेतलं.

कचेरीत तेव्हा तिसरं माणूस एकच होतं. दीनाबाई पाथरे. वय बहात्तर, अंगावर फिकट सुती साडी, नाकावर चष्मा. आठवड्यातून तीन दिवस येऊन त्या मुद्रितं तपासायच्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेच काम. त्यांचे यजमान एडविन पाथरे इथंच छपाईचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे, खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे गेले, एडविनही दोन हजार नऊ साली गेले, पण दीनाबाईंचं टेबल खिडकीपाशी होतं तिथंच राहिलं.

पहिल्या दिवशी सृष्टीनं लॅपटॉप उघडून विचारलं, “आपल्या पानावर आजवर सगळ्यात जास्त काय चाललंय?”

“बिबट्या,” करण म्हणाला.

“आणि दुसऱ्या नंबरला?”

“दुसरा बिबट्या. लोणीकडचा. उसातून बाहेर येतो नि मोटारसायकलवाला पळतो. सव्वादोन लाख.”

“आणि ती सव्वादोन लाख माणसं परत आली का?”

करणनं डोकं खाजवलं. “बिबट्या गेला तशी तीही गेली.”

“मग बिबट्यावर पान चालत नाही, करणदादा. असं काहीतरी पाहिजे, जे फक्त आपल्याकडंच आहे. लोक ज्याच्यासाठी दर गुरुवारी परत येतील असं.” तिनं खिडकीकडं पाहिलं. “मावशी, तुम्ही सांगा ना. पूर्वी लोक ‘पाटवारा’ कशासाठी घ्यायचे?”

दीनाबाईंनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“निरोपासाठी,” त्या म्हणाल्या.

ती गोष्ट अशी होती. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, बाजाराच्या दिवशी, लंकाबाई नावाची एक बाई भाजीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून छापखान्याच्या दारात उभी राहिली. तिनं विचारलं, “तुमचा पेपर अस्तगावाला जातो का वो?” जातो म्हटल्यावर म्हणाली, “मग माझ्या आईला एवढं सांगा त्यात. म्हनावं, मी आजारी न्हाई. येता येईना म्हनून आले न्हाई.” नाना हसायला लागले. पण एडविननं हातातले खिळे खाली ठेवले आणि दीनाबाईंना म्हणाला, “लिहून घे.”

तेव्हा गावोगाव फोन नव्हते. पत्र लिहायला येत नव्हतं, आणि लिहिलं तरी टाकायला कुणाच्या हाती द्यायचं? ‘पाटवारा’चे गठ्ठे मात्र एसटीच्या टपावरून गावोगाव पडायचे, आणि दूध घालायला आलेल्या माणसांना डेअरीवरचा कुणी शिकलेला तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. लेकीचा निरोप तिथं वाचला की आईपर्यंत पोचायला दूध तापायचासुद्धा अवकाश लागत नसे.

अडचण एकच. माहेरची डेअरी तशी सासरचीही डेअरी. तिथंही पेपर वाचला जायचाच. म्हणून बायकांनीच तोड काढली. प्रत्येकीनं एक बाजारनाव घेतलं. पिवळी शेवंती, हंड्याखालची, ओली शेंग, सोमवारची पाहुणी. हे नाव ती माहेरी गेल्यावर आईच्या किंवा भावाच्या कानात सांगून यायची. बाकी ठाऊक असायचं फक्त दोघांना, लिहून घेणाऱ्या दीनाबाईंना आणि खिळे जुळवणाऱ्या एडविनला. दर गुरुवारी बायका भाजी विकून, चहापत्ती, बांगड्या घेऊन झालं की छापखान्याच्या मागच्या दारी यायच्या. दीनाबाई प्रत्येकीला एकच वाक्य सांगायच्या, “निरोप पोचेल. बाई ओळखू येणार नाही.”

तो शब्द त्यांनी अठरा वर्षं पाळला. शहाण्णवच्या सुमारास गावागावात फोनचे पिवळे डबे आले आणि निरोप आपोआप आटले. पण वह्या राहिल्या. चौदा वह्या. दीनाबाईंच्या घरी, एडविनच्या कोटाखाली, पत्र्याच्या पेटीत.

“चौदा?” सृष्टी उठूनच उभी राहिली. “मावशी, हे सोनं आहे!”

दीनाबाईंनी वह्या आणून दिल्या त्या दिवशी त्यांना बरं वाटलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. इतकी वर्षं त्या वह्यांना हात लावायला कुणी आलं नव्हतं. सिल्व्हिया, त्यांची एकुलती लेक, पुण्याहून सुट्टीला आली की म्हणायची, “आई, ते जुने कागद रद्दीत घाल, झुरळं होतात.” आणि ही परकी मुलगी प्रत्येक पान दोन्ही हातांनी उलटत होती.

ऑगस्टपासून दर गुरुवारी सकाळी सात वाजता, म्हणजे पूर्वी डेअरीवर पेपर वाचायची जी वेळ तीच धरून, पानावर एक निरोप यायला लागला. दीनाबाई खुर्चीत बसून वाचायच्या, सृष्टी मोबाईल धरायची. पहिल्या तीन सेकंदांत माणसाला धरलं पाहिजे, असा सृष्टीचा धडा होता. “नमस्कार वगैरे नको, मावशी. सरळ निरोपच.”

“नमस्कारावाचून बोलायचं म्हणजे कसं गं? दारात उभं राहून हाक मारल्यासारखं.”

“तसंच हवंय.”

मग दीनाबाई सरळ सुरू करायच्या. “ओल्या शेंगेचा निरोप. मुलगी झाली. डोळे आपल्या आजीचे. बारशाला सासू ‘या’ म्हणाली नाही तरी या.” आणि खाली माणसं लिहायची. कुणी लिहिलं, माझी आजी असंच एक नाव सांगायची. कुणी दुबईतून लिहिलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून रडतोय. एकीनं लिहिलं, ओली शेंग माझी आई होती, ते डोळे माझे. ते वाचून दीनाबाईंनी चष्मा पुसला. ओल्या शेंगेच्या नवऱ्याची सायकल आणि तिच्या पाटीतली कोवळी गवार, दोन्ही त्यांना लख्ख दिसली.

सप्टेंबरअखेर पान तीस हजारांवर गेलं. करण पेढे घेऊन आला. भाजीबाजारात पोरी थांबवून विचारायला लागल्या, “निरोपवाल्या मावशी ना तुम्ही?” चर्चमधून बाहेर पडताना पाळकबुवांनीसुद्धा, आमच्या मंडळीचं पान कसं चालवायचं ते सांगा, म्हटलं. दीनाबाई घरी येऊन एडविनच्या फोटोला म्हणाल्या, “बघितलंस का? वाचतायत.”

पण ऑक्टोबरात पान अडतीस हजारांशी अडलं. तीन आठवडे काटा हलेना. ठिबकवाल्यांचा माणूस फोन करून, काय म्हणतंय पान, असं गोडीत विचारायला लागला. सृष्टीनं रात्रंदिवस आकडे पाहिले आणि दिवाळीच्या तोंडावर तोड काढली. लोकांनी नुसतं पाहायचं नाही, काहीतरी करायचं. तिनं वहीतल्या एका पानाचा फोटो काढला आणि वर लिहिलं, “ओळखा, ही तिसरी बांगडी कोण?”

त्या दिवशी दीनाबाई कचेरीत नव्हत्या. सर्दी झाली म्हणून घरीच होत्या. सृष्टीनं विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. नाव तर खोटंच होतं.

निरोप एकोणीसशे त्र्याऐंशीचा होता. “तिसऱ्या बांगडीचा निरोप. दादा, गाडी घेऊन ये. पोळ्यापर्यंत थांबू नको. कारण विचारू नको.”

पण पानावर तेवढंच नव्हतं. डावीकडं समास होता, आणि समासात दीनाबाईंच्या बारीक अक्षरात पोच लिहिलेली होती. कुठल्या गावचा गठ्ठा, कुणाच्या कानी पडलं पाहिजे, ते. “चितळी. आईच्या नको, भावाच्या कानी.” एडविन खिळे जुळवताना समास सोडून जुळवायचा. त्याला ते कधी सांगावं लागलं नाही. मोबाईलनं मात्र समासासकट अख्खं पान उचललं. आणि वह्या देताना ही गोष्ट सांगायची राहून गेली, कारण अठरा वर्षांत ती कुणाला सांगावी लागलीच नव्हती. चूक म्हटली तर ती दीनाबाईंचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितळीच्या ओम नावाच्या कुणा पोरानं खाली लिहिलं, “अरे ८३ साली माहेरी येऊन अकरा महिने राहिलेली म्हणजे आमची गोजरआत्या! वाकडीला दिलेली. आमचे आजोबा गाडी घेऊन गेले होते, घरात अजून सांगतात. 😂” त्याच्याखाली दोनशे उत्तरं. कुणी विचारलं, का आली होती? कुणी लिहिलं, कारण विचारू नको म्हणजे समजून घ्या. कुणी तिच्या नवऱ्याचं नावच लिहिलं. दुपारपर्यंत पान एकेचाळीस हजार.

दीनाबाई पदर नाकाला लावून तशाच कचेरीत आल्या.

“काढ ते.”

“मावशी, काय झालं?” सृष्टी घाबरली.

“आधी काढ. मग विचार.”

सृष्टीनं काढलं. करण आतून आला. “अहो मावशी, आत्ता कुठं काटा हललाय! चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोण एवढं मनावर घेतं?”

“ती बाई जिवंत आहे, करण.”

“मग काय झालं? माहेरीच गेली होती ना? चोरी केली का?”

“तुझ्या वडलांनी हे वाक्य म्हटलं नसतं,” दीनाबाई म्हणाल्या.

करणनं खिशातून मोबाईल काढला. मग हळूच म्हणाला, “आता काढून उपयोग नाही. लोकांनी फोटो काढून ठेवलेत. वाकडीच्या तीन ग्रुपवर फिरतंय.” त्यानं आपला मोबाईल पुढं केला.

सृष्टी पुन्हा वहीचं ते पान पाहत होती. “मला समास दिसला, पण मला वाटलं तो… म्हणजे, जुनं दिसतं म्हणून छान वाटलं.”

दीनाबाईंनी तिच्या हातातली वही घेऊन मिटली. रागवायला ही मुलगी फार लहान होती आणि शब्द तिनं दिला नव्हता. शब्द दीनाबाईंनी दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या वाकडीला गेल्या. एसटीनं, एकट्याच. गोजरबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. पुढं ओटा, बाजूला गोठा, गोठ्यात चार गाई, आणि बैठकीत हार घातलेला एक मोठा फोटो. पांढरा फेटा, भरघोस मिशा, डोळे हसरे. गोजरबाईंचे यजमान. दोन वर्षांपूर्वी वारले.

दार उघडलं ते राजनंदिनीनं, गोजरबाईंच्या नातीनं. तिचं नुकतंच राहुरीकडं ठरलं होतं, लग्न फेब्रुवारीत. तिनं दीनाबाईंना ओळखलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “आजी मागं हाय,” एवढंच म्हणाली आणि पाणीही न विचारता आत गेली.

गोजरबाई परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. सहासष्ट वर्षांच्या, हाडापेरानं मोठ्या. त्यांनी वर पाहिलं.

“आलीस? म्या म्हनलं येती का न्हाई.”

“गोजरबाई, चुकलं माझं.”

“बस आधी. उभ्यानं माफी मागू नगं, मान दुखती माझी वर बघून.” त्यांनी सूप सरकवलं. “घे, हात चालव.”

दोघी शेंगा फोडायला लागल्या. एका गुरुवारी मागच्या दारी आलेली तीच बाई. तेव्हा सव्वीस वर्षांची होती, कडेवर एक, बोटाला एक. डावा हात पदराखाली झाकलेला. त्या हातात तीन बांगड्या होत्या, तिसरी पिचकलेली. नाव तिनं अशाच एका बांगडीवरून आधीच घेतलं होतं, भावाच्या कानात सांगूनही ठेवलं होतं.

“घरात काय झालं?” दीनाबाईंनी विचारलं.

“थोरला गप हाय. धाकट्यानं इचारलं, आई, आप्पा तुला मारायचे का? असं तोंडावर. आन् सोयऱ्यांचा फोन आल्ता राहुरीवरून. म्हनं, आजेसासूची काय भानगड हाय ती आमाला आधी कळू द्या.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगू? म्हनलं, आई आजारी हुती माझी, म्हनून गेल्ते. चाळीस वर्सं ह्येच सांगितलं हाय.” गोजरबाईंनी मूठभर शेंगदाणे डब्यात टाकले. “दीनाबाई, तुला खरं ठाऊक हाय. पयली सात वर्सं लई वाईट. दारू, आन् हात. मग मी गेले. अकरा म्हैने न्हाई आले. तो आला न्यायला चितळीला, माझ्या भावाच्या दारात बसला तीन दिस. त्यानंतर शपथ घेतो म्हनला, आन् घेतली ती पाळली बया. मरस्तोवर बोट लावलं न्हाई. पोरांना सायकल शिकवली, सुनंला लेकीसारखं बघितलं. पोरांनी जो बाप बघितला तो खरा हुता. तो मिळावा म्हनून तर मी गेल्ते.”

गोठ्यातल्या गाईनं हंबरून मान हलवली. गोजरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “आता मेल्यावर त्यो बाप म्या हिसकावून घेऊ का पोरांकडनं?”

“नाही,” दीनाबाई म्हणाल्या.

“मग काय करायचं ते तू बघ. मला मोबाईल येत न्हाई. नाव तुझ्याकडं दिलं हुतं.”

त्यांनी मागितलं काहीच नाही. निघताना चार पेरू बांधून दिले.

परतीच्या एसटीत दीनाबाई खिडकीशी बसल्या. उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातले घुंगूर वाजत होते. ती बाई गोजरबाई नव्हे, असं नुसतं लिहिलं तर कोण ऐकणार? मग कोण, हा प्रश्न उरतोच, आणि लोक पुन्हा वाकडीकडंच बोट दाखवतील. उत्तर दिल्याशिवाय लोकांचं तोंड मिटत नाही. उत्तर एकच होतं, आणि ते वाकडीपासून राहात्यापर्यंत त्यांच्या शेजारी सीटवर बसून होतं.

एडविननं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी दीनाबाईंना ताप आला तर त्यानं शिशानं काळ्या झालेल्या बोटांनी भाकरी थापायचा प्रयत्न केला होता, आणि ती काळी भाकरी दोघांनी हसत खाल्ली होती. त्या वडाळ्याला माहेरी जायला निघाल्या की तो स्टँडवर गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहायचा. अशा माणसाबद्दल आता गावभर काय बोललं जाईल, ते दीनाबाईंना स्वच्छ दिसत होतं. त्याला विचारायची सोय नव्हती. पण लंकाबाईच्या वेळी त्यानं हातातले खिळे खाली ठेवले होते.

स्टँडवरून त्या सरळ कचेरीत आल्या. “सृष्टी, लाव तुझा मोबाईल. ते लगेच दिसतं तसं.”

“लाइव्ह? आत्ता? काय बोलणार आहात?”

“लाव तर खरं.”

खुर्चीत बसून त्यांनी पदर नीट केला, आणि पहिल्या तीन सेकंदांतच म्हणाल्या, “तिसरी बांगडी मी आहे.”

सृष्टीनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

“काल पानावर एका सज्जन घरच्या बाईंचं नाव घेतलं गेलं. त्या बाईंचा याच्याशी संबंध नाही. त्यांची आई आजारी होती, म्हणून त्या माहेरी गेल्या होत्या. हजारो बायका जातात. वही माझी आहे. अक्षर माझं आहे. निरोप माझा आहे. अठरा वर्षं मी लोकांचे निरोप छापले, त्यात एक माझा होता. कारण मी त्यातच लिहिलंय, विचारू नको. तेच तुम्हालाही सांगते. आणि आजपासून ‘पाटवारा’वर कुणाला ओळखायला लावणार नाही.”

मोबाईल बंद झाल्यावर सृष्टीनं वहीतलं ते पान उघडलं. मग म्हणाली, “मावशी, समासात चितळी आहे. तुमचं माहेर तर वडाळा.”

“माझा भाऊ दानीएल तेव्हा चितळी स्टेशनवर रेल्वेच्या गँगमध्ये होता, रूळ दुरुस्तीला. दोन वर्षं.” ते मात्र खरं होतं.

सृष्टीनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि वही मिटून त्यांच्या हाती दिली. करण दारात उभा होता. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा दीनाबाईंना रिक्षा करून घरी सोडलं.

बोलणं तीन लाख लोकांनी पाहिलं. राहात्यात दोन दिवसांत पसरलं. शेजारच्या सुरेखानं भिंतीवरून वाकून म्हटलं, “पाथरेकाका इतके शांत वाटायचे हो! माणसाचं काही सांगता येत नाही.” दीनाबाईंनी दोरीवरचे कपडे काढले आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सिल्व्हियाचा फोन आला.

“आई, माझ्या नणंदेनं मला विचारलं. पप्पा तुला मारायचे?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटतं काय? मी त्या घरात वाढले! पप्पांनी मुंगी मारली नाही कधी. तू खोटं बोललीस, आई. का बोललीस?”

दीनाबाईंच्या तोंडाशी आलं होतं. लेक होती, पुण्यात होती, कुणाला सांगणार होती? पण अठरा वर्षांत त्यांनी ‘एकालाच सांगते’ असं कधी केलं नव्हतं, आणि बायका मागच्या दारी यायच्या त्या म्हणूनच.

“तुझ्या पप्पांना ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

“काय ठाऊक होतं?”

“जेवलीस का तू?”

सिल्व्हियानं फोन ठेवला. त्या वर्षी ती नाताळला आली नाही. दीनाबाईंनी करंज्या केल्या, चार घरी वाटल्या, आणि एडविनच्या कबरीवर मेणबत्ती लावून पुष्कळ वेळ बसल्या. काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक.

डिसेंबरअखेर पान सत्तेचाळीस हजारांवर थांबलं. ठिबकच्या कंपनीनं वर्षाची जाहिरात दिली नाही, सहा महिन्यांची दिली.

त्या सहा महिन्यांत ‘पाटवारा’ला नवी वाट सापडली. सृष्टीच्या डोक्यातूनच ती निघाली. एका मोठ्या पानाच्या मागं लागण्यापेक्षा तिनं गावागणिक व्हॉट्सॲपच्या याद्या केल्या. त्या गावचा बाजारभाव, पाटाच्या पाण्याची पाळी, कोण वारलं, कुणाचं लग्न, तेवढंच, रोज सकाळी सातला. अस्तगावकराला अस्तगावचं, वाकडीकराला वाकडीचं. छापील अंक चोवीसच्या जूनमध्ये बंद झाला. याद्या अजून चालू आहेत, बावन्न गावांच्या, आणि गावच्या दुकानदारांच्या जाहिरातींवर त्या कशाबशा पण चालतात. करण तिथंच आहे. पोट थोडं सुटलंय.

सृष्टीनं करार संपल्यावर आणखी एक वर्ष काढलं आणि पुण्याला परतली. आता तिच्या हाताखाली सहा जण आहेत. वापरायला आलेल्या प्रत्येक जुन्या कागदाच्या कडा ती आधी स्वतः तपासते, असं करण सांगतो.

चितळीच्या ओमनं आपलं लिहिणं पुसून टाकलं आणि दीनाबाईंना एक माफीचा निरोप पाठवला. त्या त्याला ओळखत नव्हत्या, तरी त्यांनी ‘ठीक आहे बाळा’ असं कळवलं.

राजनंदिनीचं लग्न ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत झालं. ती राहुरीला आहे, तिला मुलगा आहे.

सिल्व्हिया चोवीसच्या नाताळला आली. दोन दिवस राहिली, बापाच्या फोटोची काच पुसली, आणि जाताना म्हणाली, “नाही सांगायचं तर नको सांगू. पण मला पटलेलं नाही.” ती आता दर वर्षी येते, आणि तिला अजून पटलेलं नाही.

गोजरबाई दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात झोपेतच गेल्या. दीनाबाई दहाव्याला वाकडीला गेल्या. पंगतीत धाकटा मुलगा स्वतः वाढत होता. दीनाबाईंच्या पानापाशी तो थबकला, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, “मावशी, तुमच्या मिस्टरांचं ऐकलं तेव्हा वाईट वाटलं. काय काय सोसलंय तुम्ही लोकांनी. आमचे आप्पा तसे नव्हते, ते आमचं नशीब.”

“फार चांगला माणूस होता तुझा बाप,” दीनाबाई म्हणाल्या. “वाढ, भात वाढ.”